की-बाइंडिंग (बॅश आणि रीडलाइन)

कमांड-लाइन प्रोग्रॅममध्ये एखादी कळ किंवा कळांची जोडी दाबल्यावर काय घडावे, हे वापरणाऱ्याने स्वतः ठरवून देणे म्हणजे की-बाइंडिंग. लिनक्सवर सर्रास आढळणाऱ्या बॅश या शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हे काम रीडलाइन ही लायब्ररी पाहते. ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिलेले बॅश १९८९ मध्ये प्रथम बाहेर आले. रीडलाइनची सुरुवातही त्यांचीच. पुढे दोन्हींची देखभाल अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले चेट रेमी यांच्याकडे आली. रीडलाइन इतर प्रोग्रॅमनाही वापरता येते. त्यामुळे शेलसाठी बसवलेली कळ जीडीबी या डीबगरमध्येही (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनातही) तशीच चालते.

नावात ‘की’ असली तरी बाइंडिंग कळेशी होत नाही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, प्रोग्रॅमकडे कळ पाठवत नाही, बाइट (० ते २५५ मधला एक आकडा) पाठवते. कंट्रोल धरून अक्षर दाबले की त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक जातो : ए म्हणजे १, आय म्हणजे ९, एम म्हणजे १३. आस्की संकेतावलीत ९ म्हणजेच टॅब आणि १३ म्हणजे एंटर. म्हणून साध्या टर्मिनलवर कंट्रोल-आयला नवे काम दिले की टॅबही त्याच कामाला लागते, आणि नावे पुरी करून मिळायची सोय जाते. ऑल्ट धरले तर अक्षराच्या आधी एस्केप, म्हणजे २७, जाते. वरच्या बाणाचे तर तीन बाइट : एस्केप, चौकटी कंस आणि कॅपिटल ए. नुसते एस्केप दाबले की बाण, हे ओळखायला रीडलाइन एस्केपनंतर थोडी थांबते. मूळ मुदत ५०० मिलिसेकंद. व्हीआय या टेक्स्ट-एडिटरच्या पद्धतीने संपादन करणाऱ्यांना हा अर्धा सेकंद फार खुपतो आणि ते तो कमी करून घेतात. कोणती कळ काय पाठवते हे पाहायचे तर कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबावी. तिचा क्रम ओळीवर उमटतो.

काही जोड्या रीडलाइनपर्यंत पोचतच नाहीत, ऑपरेटिंग सिस्टिममधला टर्मिनलचा ड्रायव्हर त्या वाटेतच उचलतो. चालू प्रोग्रॅम थांबवणारे कंट्रोल-सी हे ओळखीचे उदाहरण. कंट्रोल-एस त्याहून फसवे. रीडलाइनने ते इतिहासात पुढच्या दिशेने शोधायला दिले आहे, पण ड्रायव्हरच्या लेखी त्याचा अर्थ ‘पाठवणे थांबव’ असा, टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेला. दाबले की पडदा गोठतो. नवखा माणूस मशीन हँग झाले असे समजून खिडकीच बंद करतो. खरे तर कंट्रोल-क्यू दाबले की सगळे पूर्ववत होते. ही जुनी सवय एसटीटीवाय या कमांडने मोडता येते, मग कळ मोकळी होते.

स्वतःची बाइंडिंग होम डिरेक्टरीतल्या ‘डॉट इनपुटआरसी’ या फाइलमध्ये ठेवतात. अवतरणचिन्हांत कळांचा क्रम, लगेच अपूर्णविराम, मग काम, अशी एक ओळ. क्रम आणि अपूर्णविराम यांच्यात जागा सोडायची नसते. ओळ ‘लागतच नाही’ तेव्हा हे आधी तपासावे. फाइल बदलल्यावर लॉगआउट करायची गरज नाही, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबले की ती पुन्हा वाचली जाते. एकच बाइंडिंग करायची तर वरच्या बाणाला इतिहासातला ‘हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड’ शोध द्यावा. एसएसएच (दूरच्या मशीनला जोडणारी कमांड) एवढे टाइप करून बाण दाबला की त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या ओळीच वर येतात. हे मुळातच असे का नाही, असा प्रश्न एकदा वापरल्यावर पडतोच.

अपूर्णविरामानंतर फंक्शनचे नाव न देता अवतरणचिन्हांत मजकूर दिला तर मॅक्रो होतो : जणू तेवढ्या कळा कोणी आपल्यासाठी दाबल्या. मजकुरात पुन्हा कंट्रोलच्या कळाही घालता येतात, आणि खरी गंमत तिथे आहे. ऑल्ट-एसला ‘कंट्रोल-ए, सुडो, एक जागा, कंट्रोल-ई’ असा मॅक्रो द्या. लांबलचक कमांड टाइप केल्यावर ती ॲडमिनच्या हक्काने चालवायची होती हे आठवले, तर एका झटक्यात कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, सुडो लागते आणि कर्सर शेवटी परत येतो. शेवटी एंटर मुद्दामच ठेवलेला नाही. मॅक्रोत एंटर असला की ओळ वाचून पाहायची संधी जाते, आणि सुडोच्या बाबतीत ती घालवू नये.

मॅक्रोची अडचण अशी की तो अर्ध्या लिहिलेल्या ओळीतच जाऊन पडतो. कळ दाबून गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची) स्थिती पाहायची असेल तर आधी ओळ कापायची, कमांड चालवायची आणि मग कंट्रोल-वायने ओळ परत आणायची, अशी कसरत मॅक्रोतच लिहावी लागते. त्यापेक्षा बॅशची ‘बाइंड’ कमांड ‘उणे एक्स’ पर्यायासह वापरणे सरळ. तिने जोडलेली शेल-कमांड थेट चालते, आणि लिहीत असलेली ओळ खाली जशीच्या तशी पुन्हा उमटते. ‘बाइंड उणे पी’ने रीडलाइनच्या फंक्शनांची आत्ताची जोडणी छापून मिळते, नवी कळ निवडण्याआधी ती चाळलेली बरी.

झेड-शेल, जे मॅकवर २०१९ पासून मूळ शेल आहे, रीडलाइन वापरत नाही. तिथे ‘बाइंडकी’ लागते. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एएनएसआय डॉट एसवायएस हा ड्रायव्हर पडद्यावर छापल्या जाणाऱ्या विशिष्ट अक्षरक्रमानेच कळेचा अर्थ बदलत असे. म्हणजे दुसऱ्याने दिलेली फाइल नुसती दाखवली तरी आपली एखादी कळ भलतेच काम करू लागे. अशा फाइलींना ‘एएनएसआय बॉम्ब’ म्हणत.

मराठी लिहिणाऱ्याला बाइटचा हा हिशेब एका ठिकाणी नेमका भेटतो. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि तिन्ही १२७ च्या वरचे. लोकेल (भाषा आणि अक्षरपद्धतीची मांडणी) यूटीएफ-८ असेल तर रीडलाइन ते मुकाट्याने स्वीकारते. पण लोकेल न बसवलेल्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये रीडलाइनची ‘कन्व्हर्ट-मेटा’ ही मांडणी चालू असते : अशा प्रत्येक बाइटमधून १२८ वजा होतात आणि त्याच्या आधी एस्केप लागते, म्हणजे ऑल्टची जोडी दाबल्यासारखेच. ‘ळ’चे बाइट २२४, १६४ आणि १७९. मधला होतो ऑल्ट-डॉलर, ज्याला बॅशने व्हेरिएबलचे नाव पुरे करायचे काम दिले आहे. शेवटचा होतो ऑल्ट-३, म्हणजे ‘पुढची कृती तीनदा कर’. ळ उमटत नाही, प्रॉम्प्टच्या जागी कंसात ‘आर्ग’ आणि ३ दिसतात, आणि त्यानंतर रोमन एक्स दाबले तर तीन एक्स येतात. युनिकोडमध्ये र ते ह ही दहा चिन्हे ओळीने आहेत. त्यामुळे अशा टर्मिनलवर र म्हणजे ०, ल म्हणजे २, स म्हणजे ८ आणि ह म्हणजे ९.