दीडशे वर्षं मरणपंथाला लागलेले इंग्रजी हेल

ब्रिटिश वृत्तपत्रांत एक बातमी दर दोन-चार वर्षांनी नव्याने छापून येते: प्रांतोप्रांतीचे इंग्रजी हेल संपत चाललेत, तरुण पोरं सगळीकडे एकसारखीच बोलायला लागलीत. दोषाचं खापर कधी रेडिओवर फुटतं, कधी टीव्हीवर, हल्ली मोबाइलवर. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणणाऱ्या आपल्या मुलखातही अशीच हळहळ ऐकू येते, त्यामुळे हे गाऱ्हाणं आपल्याला परकं वाटत नाही. पण इंग्लंडात या भीतीचंच वय आता दीडशेच्या घरात आहे. ती कुठून आली हे पाहत गेलं की खरंच काय गेलं आणि कशाचा नुसता बोभाटा झाला, हे निवडता येतं.

इंग्लंड-वेल्समध्ये 1870 साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. गावोगावी शाळा निघणार, मास्तर पुस्तकी इंग्रजी शिकवणार, रेल्वे तर आधीच पोचलेली. आता बोली काही टिकत नाहीत, असं जाणत्या मंडळींनी मनाशी ठरवूनच टाकलं. तीनच वर्षांनी, 1873 मध्ये, इंग्लिश डायलेक्ट सोसायटी स्थापन झाली. उद्देश साधा होता: जातंय ते जाण्याआधी टिपून ठेवायचं. या खटाटोपाचं सर्वांत मोठं फळ म्हणजे जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा बोलीकोश, जो 1898 ते 1905 या काळात बाहेर पडला.

राइट यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा त्यांचा जन्म, 1855 चा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढव हाकायचं काम, मग सॉल्टेअरच्या कापड गिरणीत बॉबिनी बदलायचं. पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1870 मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या बातम्या सोबतचा कामगार वाचून दाखवायचा. आपल्यालाही वाचता आलं पाहिजे या ईर्ष्येने ते अक्षरं शिकले आणि पुढे थेट हायडेलबर्गची डॉक्टरेट आणि ऑक्सफर्डची प्राध्यापकी. 1892 मध्ये त्यांनी विंडहिल या आपल्याच भागातल्या बोलीचं रीतसर व्याकरण छापलं. ज्या बोलीला लोक अडाणी म्हणत तिलाही लॅटिनइतके काटेकोर नियम असतात, हे त्या बोलीतच वाढलेला माणूस ऑक्सफर्डला सांगत होता.

त्याच सुमारास अलेक्झांडर एलिस यांनी देशभरातल्या उच्चारांची पाहणी केली. ठरावीक उतारे लोकांकडून स्थानिक उच्चारांत म्हणवून घ्यायचे आणि बारकाव्यांसह लिहून काढायचे, ही त्यांची रीत. टॉमस हॅलम नावाचे रेल्वेतले कारकून त्यांच्यासाठी मुलूख पालथा घालत. 1889 मध्ये छापलेल्या त्या जाडजूड खंडात एक गंमत आहे. लिव्हरपूलला स्वतःची अशी खरी बोली नाही, असा शेरा एलिस यांनी मारला. आज इंग्लंडात कोणालाही सर्वांत ठसठशीत हेल विचारा, पहिल्या दोन-तीन नावांत लिव्हरपूलचा स्काउस येणारच. आयर्लंडच्या बटाटा-दुष्काळानंतर माणसांचा लोंढा या बंदरात उतरला. 1851 च्या जनगणनेत शहरातल्या दर पाच माणसांत एकाहून अधिक जण आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. त्यांची इंग्रजी आणि लँकेशरची इंग्रजी यांच्या मिसळणीतून जे घडत होतं, ते जुन्याच्या शोधात निघालेल्या एलिसना बोली वाटलंच नाही. जुनं मरताना दिसतं, नवं जन्मताना दिसत नाही. ही चूक पुढे प्रत्येक पिढीने केली आहे.

विसाव्या शतकात भीतीला नवं कारण मिळालं, रेडिओ. महागड्या निवासी शाळांतून घडलेला, कुठल्याच गावाचा नसलेला उच्चार तोवर प्रतिष्ठेचा झाला होता. डॅनियल जोन्स यांनी 1917 च्या उच्चारकोशात त्याची नोंद केली. पुढे 'रिसीव्हड प्रोनन्सिएशन' हे नाव रुळलं. बीबीसीने 1926 मध्ये बोलण्यातल्या इंग्रजीसाठी सल्लागार समिती नेमली, अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, सदस्यांत जॉर्ज बर्नार्ड शॉ. निवेदकांनी कोणता शब्द कसा उच्चारायचा याचे निवाडे इथे होत.

आता घराघरात एकच आवाज घुमणार म्हटल्यावर हेल संपायलाच हवे होते. प्रत्यक्षात लोकांनी तो उच्चार ऐकला, त्याचा मान राखला आणि आपापसांत आपल्याच ढंगात बोलत राहिले. 1941 मध्ये यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. हा उत्तरी हेल जर्मनांना नक्कल करायला जड जाईल, असाही त्यामागे हिशेब होता. पिकल्स उत्तरेतल्या श्रोत्यांसाठी शेवटी 'गुड नाइट'ऐवजी 'गुड नीट' म्हणायचे. तक्रारींचा पाऊस पडला, आणि अशा उच्चारातल्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा असा सूरही निघाला. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी 1974 मध्ये अंदाज केला तेव्हा तो प्रतिष्ठित उच्चार बोलणारे लोकसंख्येत जेमतेम 3 टक्के निघाले. अर्ध्या शतकाच्या प्रक्षेपणाची ही कमाई.

दरम्यान लीड्स विद्यापीठाचे हॅरल्ड ऑर्टन यांनी इंग्लंडची सर्वांत मोठी बोली-पाहणी हाती घेतली होती. 1950 ते 1961, 313 ठिकाणं, तेराशेहून जास्त प्रश्न. माणसं कशी निवडायची याचे निकष मजेशीर होते: वय साठीच्या पुढे, जन्म त्याच गावातला, शक्यतो शेतीतला पुरुष, आणि तोंड, दात, कान शाबूत. प्रश्नही तसेच, गोठा, नांगर, गवताच्या गंजी, जनावरं. ऑर्टन यांना घाई होती, कारण ही अखेरची पिढी असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या कामाचं मोल कमी नाही. पण आजची 'हेल गेले' ही ओरड बऱ्याचदा याच नकाशांशी तुलना करून होते, आणि तिथे मला ती पटत नाही. गाव कधी न सोडलेल्या सत्तरीच्या शेतकऱ्याशेजारी कॉल सेंटरमधल्या बावीस वर्षांच्या मुलीला उभं केलं तर फरक आभाळाएवढाच दिसणार. 1950 मध्येही कारखान्यातल्या पोरांचं बोलणं त्या म्हाताऱ्यांसारखं नव्हतंच. त्यांना कोणी विचारलं नाही इतकंच.

या पाहणीतून तयार झालेला कान किती तीक्ष्ण होता, याचा एक किस्सा गुन्हेगारीच्या इतिहासात आहे. जून 1979 मध्ये यॉर्कशरमधल्या खूनसत्राचा तपास करणाऱ्या पोलिसांना एक टेप आली, 'मीच तो' असं म्हणणारी. ऑर्टन यांचे सहकारी स्टॅनली एलिस यांनी शंभरावर गावांत स्वतः मुलाखती घेतल्या होत्या. त्यांनी आणि जॅक विंडसर लुइस यांनी टेप ऐकून सांगितलं की हा माणूस संडरलँडचा, तोही शहराच्या कॅसलटाऊन-साउथविक या भागातला. टेप बनावट असू शकते, हा त्यांचा इशारा पोलिसांनी मनावर घेतला नाही. संडरलँडचा हेल नाही म्हणून संशयित वगळले जात राहिले, आणि खरा खुनी, ब्रॅडफर्डचा ट्रकचालक, जानेवारी 1981 पर्यंत मोकळा फिरला. टेप करणारा 2005 मध्ये डीएनएमुळे सापडला. संडरलँडच्या त्याच परिसरातला निघाला.

एका मोहल्ल्यापर्यंत पोचवणारी ही बारीक वीण मात्र खरोखर विरळ झाली. कशी, ते मिल्टन कीन्समध्ये डोळ्यांदेखत दिसलं.

लंडन आणि बर्मिंगहॅमच्या मधल्या या नव्या शहराची घोषणा 1967 ची. लंडनचे कामगार, उत्तरेतले, स्कॉटलंडचे, सगळे येऊन वसले. भाषाशास्त्रज्ञ पॉल कर्सविल आणि अ‍ॅन विल्यम्स यांनी 1990 च्या दशकात तिथली 48 मुलं निवडली, चार, आठ आणि बारा वर्षांची, आणि प्रत्येकाच्या घरातलं सांभाळणारं एक माणूस, बहुधा आई. चार वर्षांची मुलं आईसारखी बोलत होती. आई ग्लासगोकडची तर पोराच्या तोंडातही ग्लासगो. बारा वर्षांची मुलं आईसारखी बोलत नव्हती, एकमेकांसारखी बोलत होती. त्यांचा उच्चार आग्नेय इंग्लंडच्या सरासरीवर येऊन स्थिरावला होता. शहर वसण्याआधी तिथल्या गावांतले म्हातारे जे बोलत, त्याचा मुलांच्या बोलण्याशी काही संबंध उरला नव्हता.

म्हणजे हेल घरात सुरू होतो आणि शाळेच्या मैदानावर ठरतो. मैदानावर बारा गावची पोरं असली की कोणाचंच टोकाचं रूप चालत नाही, मधलं काहीतरी चालतं. टीव्हीपुढे बसून हे होत नाही, समोरासमोर होतं. टीव्हीचा हात अगदीच नाही असंही नाही: 1985 पासून चालू असलेल्या 'ईस्टएंडर्स' या लंडनच्या मालिकेत मनाने गुंतलेल्या ग्लासगोच्या मुलांत 'थिंक'चं 'फिंक' जास्त आढळलं, हे जेन स्टुअर्ट-स्मिथ यांनी 2013 मध्ये दाखवलं. पण गुंतलेल्यांत, आणि इतर कारणांच्या जोडीने.

1984 मध्ये डेव्हिड रोझवॉर्न यांनी 'एस्चुअरी इंग्लिश' हे नाव काढलं आणि टेम्सच्या मुखाकडचं हे मवाळ लंडनी बोलणं सगळा देश गिळणार, अशी आवई दशकभर चालली. कर्सविल-विल्यम्स यांनी पुढे उत्तरेतल्या हल शहरातली मुलं तपासली तेव्हा चित्र वेगळं होतं. 'फिंक' आणि गिळलेला 'ट' तिथे पोचले होते, स्वर मात्र हलचेच राहिले होते. व्यंजनं प्रवास करतात, स्वर घरी राहतात, असं ढोबळपणे म्हणता येईल. आणि माणूस कुठला हे कान ओळखतो तो बहुतेक स्वरांवरून.

2016 मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅड्रियन लीमन यांच्या गटाने मोबाइल अ‍ॅपवरून तीस हजारांहून जास्त लोकांची उत्तरं गोळा केली आणि ऑर्टनच्या नकाशांशेजारी ठेवली. 'आर्म'मधला ठळक 'र' एके काळी मोठ्या पट्ट्यात ऐकू यायचा, तो आता नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे आक्रसलाय. बोटात घुसणाऱ्या कुसळाला डझनभर नावं होती, त्यांची जागा 'स्प्लिंटर'ने घेतली. न्यूकासल-संडरलँडकडे मात्र 'स्पेल्क' टिकून आहे. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये उत्तरेतल्या सुशिक्षित तरुणांचे आवाज संगणकाला ओळखायला दिले, तर लिव्हरपूल आणि न्यूकासल तो चटकन ओळखायचा, पण मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड यांत गोंधळायचा. गावांचे हेल गेले, प्रदेशांचे घट्ट झाले. लिव्हरपूल तर उलट दिशेने चाललंय. तिथली तरुण पोरं शेजाऱ्यांपासून आणखी वेगळी बोलतात, असं भाषाअभ्यासक केव्हिन वॉटसन 2006 पासून मांडत आले आहेत.

लंडनची कथा याहून वेगळी. जुना कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या कामगारांचा हेल, युद्धानंतर माणसांबरोबर एसेक्सला गेला, डेबडनसारख्या लंडन कौन्सिलच्या वसाहतींत. ईस्ट एंडमध्ये कॅरिबियन, बांगलादेशी, पश्चिम आफ्रिकी कुटुंबं आली, आणि हॅकनीच्या मुलांत 2004 ते 2007 दरम्यान जेनी चेशर आणि कर्सविल यांना एक नवंच बोलणं सापडलं. सगळ्या वंशांची मुलं ते बोलत होती, गोरीसुद्धा. यातली माझी आवडती गोष्ट 'ह'ची आहे. कॉकनी माणूस 'हाऊस'ला 'आऊस' म्हणतो म्हणून शाळामास्तरांनी शंभर वर्षं छड्या मोडल्या, काही उपयोग झाला नाही. हॅकनीच्या नव्या पोरांच्या बोलण्यात तो 'ह' आपसूक परत आला, आणि मास्तर आता या बोलण्याच्या इतर लकबींवर तोंड वाकडं करतात.

अमेरिकेत गाडी याच रुळावरून गेली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीजवळ 1959 मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क हे संशोधन-कंपन्यांचं संकुल उभं राहिलं, उत्तरेतली शिकलेली कुटुंबं आली, आणि त्यांच्या मुलांबरोबर शाळेत बसलेल्या स्थानिक मुलांचा दक्षिणी हेल पिढीगणिक ओसरत गेला. जॉर्जियात 2023 च्या अभ्यासात गोऱ्या लोकांचा हा हेल युद्धोत्तर पिढीत टिपेला पोचलेला आणि 1965 नंतर जन्मलेल्यांत एकदम उतरलेला दिसला.

हेल बदलले तरी त्यांची उतरंड फारशी हललेली नाही. हॉवर्ड जाइल्स यांनी 1970 मध्ये ब्रिटिश लोकांकडून उच्चारांना गुण द्यायला लावले तेव्हा प्रतिष्ठित उच्चार वर आणि बर्मिंगहॅम तळाला होतं. देवयानी शर्मा आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या शतकानंतर तोच प्रयोग केला. क्रम जवळपास तसाच निघाला. बर्मिंगहॅम खालीच, आणि भारतीय उच्चारही खालच्या भागात. मात्र वकिलीच्या नोकरीसाठीची उत्तरं अनुभवी वकिलांना ऐकवली तेव्हा त्यांनी उच्चारापेक्षा उत्तराच्या दर्जाला जास्त महत्त्व दिलं. सर्वसामान्य श्रोत्यांत वय जास्त तसा आकस जास्त होता. आजचे तरुण श्रोते मुळातच उदार आहेत की वय वाढेल तसे तेही आपल्या आईवडिलांसारखे गुण देऊ लागतील, हे ठरवायला तीच माणसं वीस वर्षांनी पुन्हा ऐकायला बसवावी लागतील.