‘पोर रुळलं’ असे म्हणताना : पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नवरा-बायकोच्या बेबनावासाठी समुपदेशकाकडे जाणाऱ्यांच्या तोंडी ‘अटॅचमेंट’, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी मुलाचे जडणारे घट्ट नाते, हा शब्द आता सहज येतो. फोनला उत्तर यायला तासभर उशीर झाला की एखादीच्या छातीत धडधडू लागते, तर एखादा भांडण मिटत आलेले असताना नेमका उठून बाहेर जातो. अशा वागण्याचे मूळ लहानपणी तुटलेल्या मायेत शोधले जाते.

या विचाराची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर घराला पारख्या झालेल्या मुलांपासून झाली. त्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचा एक अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये अडीच वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांचे चित्रीकरण दाखवण्यात आले, तेव्हा अनेक डॉक्टर नाराज झाले. अशा मुलांच्या निरीक्षणातून तीन टप्पे मांडले गेले : आधी आकांत, मग खचून जाणे आणि शेवटी अलिप्तपणा. या तिसऱ्या टप्प्यात मूल रडत नाही, खाते-पिते, हसतेही. म्हणून ते सावरले असे मोठ्यांना वाटते, आणि आई भेटायला आली की ते तोंड फिरवते.

हा तिसरा टप्पा आपल्याकडे अनेक घरांनी पाहिलेला आहे. पाटण-जावळीचे माथाडी, माण-खटावचे गिरणी कामगार, खानापूर-आटपाडीचे देशभर पांगलेले गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक यांच्या घरांत मूल गावी आजीपाशी ठेवण्याची रीत होती. आई मुंबईला निघायची ती मूल झोपल्यावर, किंवा कोणीतरी त्याला शेरडं दाखवायला परड्यात नेल्यावर. उठल्यावर मूल चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आईला शोधत फिरायचे. आठवड्याने घरचे निर्धास्त होऊन सांगायचे, ‘पोर आता रुळलं.’ त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. चाळीच्या एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत असताना दुसरा मार्गही नव्हता. पण न सांगता निघून जाणाऱ्या माणसाची धास्ती ज्यांच्या मनात आजही घर करून आहे, त्यांच्यापैकी कितीतरी जण असेच रुळलेले आहेत.

खरा गुंता ‘अटॅचमेंट’ला मराठीत काय म्हणावे, या शब्दाचा आहे. ‘आसक्ती’ म्हटले की कीर्तन ऐकत वाढलेल्या वाचकाला ती सोडण्याची गोष्ट वाटते. ‘अनुबंध’ हा शब्द देखणा आहे, पण तो कोणी घरात बोलत नाही. ‘जिव्हाळा’ दोन मोठ्या माणसांतही असतो आणि त्यात मुलाची असहायता येत नाही. सगळ्यांत नुकसान केले ते ‘मातृवियोग’ या शब्दाने. १९५१ च्या अहवालात आईच्या पुढे कंसात ‘किंवा आईची जागा कायमची घेणारी व्यक्ती’ अशा अर्थाचे शब्द होते. लोकांच्या तोंडी गेलेल्या मांडणीतून तो कंस गळाला आणि साऱ्या जखमांचा बोल आईवर आला. त्यापेक्षा ‘लळा’ हा घरातला शब्द कितीतरी नेमका आहे. लळा जन्माने मिळत नाही, तो सहवासाने लागतो, आणि तो कोणाचाही लागतो. हा शब्द वापरला की दिसते, की गावी वाढलेल्या मुलावरचा दुसरा घाव अनेकदा पहिल्याहून खोल होता. शाळेचे वय झाले म्हणून त्याला आजीच्या कुशीतून उचलून मुंबईला जवळजवळ अनोळखी आईबापांकडे नेले जाई, आणि त्याच्या रडण्याला हट्ट म्हटले जाई, कारण लेकरू तर आईकडेच निघाले होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे असंख्य कामगार गावी परतले, तेव्हा उलटे घडले. गणपतीला आणि शिमग्याला खाऊ घेऊन येणारा बाप कायमचा ओट्यावर बसला, आणि त्याच्याशी काय बोलावे हे मुलांना कळेना.

मोठ्यांच्या नात्यांकडे संशोधन वळले ते १९८७ च्या सुमारास. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात प्रेमसंबंधांविषयीची प्रश्नावली छापण्यात आली, सहाशेहून अधिक वाचकांची उत्तरे आली, आणि तान्ह्या मुलांच्या लळ्याचे प्रकार पाडणारे वर्गीकरण जोडप्यांना लावले गेले. आज मोबाइलवर पाच मिनिटांत स्वतःचा ‘टाइप’ काढून देणाऱ्या चाचण्या याच वाटेने आल्या. त्या जे सांगत नाहीत ते असे, की मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत बालपण आणि प्रौढ नाते यांचा संबंध दिसला, तरी तो पक्का आढळला नाही. मधल्या वर्षांत भेटलेली भरवशाची माणसे तो बदलतात.

बालपणीचा हा इतिहास विचारताना प्रश्न आजही बहुधा आईवडिलांपासून सुरू होतो, आणि ‘आईशी ठीक होतं’ एवढ्यावर बोलणे थांबते. ‘लळा कोणाचा होता?’ असे विचारले, तर पन्नाशीचा माणूसही आजीच्या लुगड्याच्या वासापासून सांगायला लागतो.