हार्ड डिस्क पडली? लगेच लावून बघू नका

"मावशी, हार्ड डिस्क पडली." गिरगावातून भाचीचा फोन. आवाज रडवेला.

"चालू होती की बंद?" मी पहिलं हेच विचारलं.

"चालू. आजीचे फोटो कॉपी करत होते. धाकट्याचा पाय केबलमध्ये अडकला."

"परत लावलीस का?"

"अजून नाही."

"नको लावूस. मी निघालेच."

तिची आजी म्हणजे माझी आई. दादरहून चर्नी रोडला पोचेपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

चालू की बंद, यावर खूप काही अवलंबून असतं. खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात, बहुधा काचेच्या, वर चुंबकीय थर दिलेल्या. त्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. हिशेब केला तर तबकडीची कड ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पळत असते. तिच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि दोघांमधलं अंतर असतं जेमतेम काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो! डिस्क बंद झाली की हेड तबकडीवरून सरकून कडेच्या प्लॅस्टिकच्या उतारावर जाऊन बसतं. तिथे असताना दणका बसला तर हेडखाली तबकडी नसतेच. चालू असताना बसला तर हेड फिरत्या तबकडीवर आपटतं, चरा पडतो, आणि त्या चऱ्यातून उडालेले कण आत फिरत राहतात. म्हणूनच "चालतेय का बघू" म्हणून पुन्हापुन्हा वीज देणं सगळ्यांत घातक. पडल्यावर झालेलं नुकसान एका जागी असतं; ते पसरवतो आपण.

दणका किती मोठा, हे शाळेतल्या गणिताने काढता येतं. पाऊण मीटर उंच टेबलावरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना ताशी जवळपास १४ किलोमीटर वेगात असते. हा वेग काही फार नाही. पण तो किती अंतरात थांबतो, सगळं त्यावर ठरतं. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा, म्हणजे सरासरी दणका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, ते ढोबळमानाने कळतं. गादीवर पडली आणि गादी १ सेंटिमीटर दबली, तर ७५ पट. शहाबादी फरशीवर पडली आणि १ मिलिमीटरमध्ये थांबली, तर ७५० पट. लहान डिस्कच्या माहितीपत्रकांत चालू असताना साधारण ३५० ते ४०० पट आणि बंद असताना १,००० पटीपर्यंतचा क्षणिक धक्का चालतो असं लिहिलेलं असतं. गिरगावातली फरशी शहाबादीच होती. पण खाली पायपुसणं होतं, आणि तेवढ्यानेच आमची आशा टिकली.

केबलला हिसका बसला होता, म्हणून आधी केबल आणि तिचं तोंड पाहिलं. अशा बऱ्याच डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट आतल्या सर्किटवर डाग दिलेलं असतं; ते हललं तर तबकड्या धडधाकट असूनही डिस्क मेल्यासारखी वाटते. केबल बदलली, पंखा बंद केला आणि डबीला कान लावून एकदाच वीज दिली. कान लावणं ही साधी पण उत्तम तपासणी आहे. सुरुवातीला वाढत जाणारी बारीक घरघर, मग हलकीशी टिक आणि नंतर सलग गुणगुण, असं असेल तर ठीक. एका लयीत टकटक येत राहिली तर हेडला आपली जागा सापडत नाहीये. नुसती बारीक पीं-पीं आली आणि काही फिरलंच नाही, तर हेड तबकडीला चिकटलेलं असू शकतं. या दोन्हीत केबल काढा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या. घरी झाकण उघडू नका, हवेतला धुळीचा कण त्या नॅनोमीटरांपुढे डोंगर असतो. फ्रीजमध्ये ठेवायचा जुना सल्लाही मुंबईत तरी ऐकू नका. बाहेर काढल्याबरोबर या दमट हवेतलं पाणी तिच्यावर जमतं.

आमची गुणगुणली.

आता डिस्कची स्वतःची नोंदवही वाचायची. तिला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं, लिनक्सवर आणि मॅकवर स्मार्टमॉनटूल्स. तीन आकडे महत्त्वाचे: ०५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर (तबकडीवरचे माहिती ठेवायचे छोटे तुकडे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे खोळंबलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. तिन्ही शून्य हवेत. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात दाखवतं, हे लक्षात असू द्या. भाचीच्या डिस्कचा सी५ होता १०, म्हणजे खरे १६. आजच्या तबकडीवरचा एक सेक्टर जुन्या मापाच्या आठ सेक्टरांएवढा असतो, म्हणून हा आकडा बहुतेकदा आठच्या पटीत वाढतो. दोन जागा दुखावल्या होत्या.

गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता बिनचुकीच्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. उलट, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या, त्या अभ्यासाने मुख्य मानलेल्या चार स्मार्ट आकड्यांत आधी काहीच दिसलं नव्हतं. म्हणून तिन्ही शून्य दिसले तरी आधी कॉपी करा, मगच काही तास चालणारी लांब चाचणी लावा. ती सगळी तबकडी वाचते, आणि जखमी डिस्कला तेही श्रमच. विंडोजचं 'चेकडिस्क' तर कॉपीआधी अजिबात चालवू नका. दुरुस्ती करायला सांगितली की ते डिस्कवर लिहीत सुटतं.

आम्ही लांब चाचणीच्या वाटेला गेलो नाही. आधी आईचे फोटो, मग लग्नाचे, मग कागदपत्रं. सिनेमे सोडून दिले. मध्येच कॉपी अडायची, भाची माझा हात घट्ट धरायची, मग पुन्हा सुरू व्हायची. संपली तेव्हा सी५ झाला होता ३०, म्हणजे ४८. त्यानंतर ती डिस्क आम्ही पुन्हा लावली नाही.

दोन फोटो उघडले नाहीत. एक दादाच्या मोबाइलमध्ये सापडला. दुसऱ्यात आई चाळीच्या गॅलरीत पापड वाळत घालतेय, असं भाची सांगते. तो आम्ही अजून शोधतोय.