७० म्हणजे ३० गेले नव्हेत

रेनिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून ठरलेल्या क्रमाने कसरती करून दाखवायच्या स्पर्धेत, नवख्या स्वाराला ७० गुण मिळाले की घरचे म्हणतात, "अरेरे, १०० पैकी ३० गेले!" हा गैरसमज जुनाच. अमेरिकेतल्या नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशनच्या पद्धतीत गुण ७० पासूनच सुरू होतात. प्रत्येक कसरतीला उणे दीड ते अधिक दीड. बिनचूक पण साधी असेल तर शून्य. तेव्हा ७० म्हणजे काम चोख.

नवख्यांना मारतो तो वेगाचा मोह. चार गिरक्या सांगितल्यात, घोडा पाव फेरीपेक्षा जास्त पुढे गेला, की अख्ख्या सादरीकरणाचे गुण शून्य! पाव फेरीपर्यंत गेला तर जास्तीत जास्त एक गुण कापतात. मी तर म्हणेन, आधी मोजायला शिका. आणि हो, भारी बूट-हॅटला गुण नसतात.