हिऱ्याच्या भुकटीवर हिरवा प्रकाश

एमआरआय काढताना बराच वेळ निश्चल पडून राहावं लागतं, याचं एक मोठं कारण म्हणजे शरीरातून मिळणारा संदेश फार क्षीण असतो. हायड्रोजनचं प्रत्येक अणुकेंद्र म्हणजे एक इवलंसं चुंबक. 3 टेस्लाच्या भल्यामोठ्या चुंबकात ठेवूनही ही केंद्रं काही निमूटपणे एका दिशेला वळत नाहीत. उष्णतेने सतत हेलकावत असतात. दहा लाख केंद्रांचा हिशेब मांडला, तर चुंबकाच्या बाजूने झुकलेली केंद्रं विरुद्ध बाजूपेक्षा जेमतेम दहाने जास्त भरतात. बाकीच्यांची एकमेकांत वजाबाकी होऊन जाते. कार्बन-13ची, म्हणजे नेहमीच्या कार्बनच्या किंचित जड भावंडाची, स्थिती तर याहून वाईट, कारण त्याचं चुंबकत्व हायड्रोजनच्या साधारण चौथा हिस्सा.

इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व मात्र हायड्रोजनच्या केंद्रापेक्षा सुमारे 660 पट. त्यामुळे आधी इलेक्ट्रॉनना शिस्त लावायची आणि मग ती केंद्रांच्या गळी उतरवायची, ही कल्पना आल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी 1953 साली मांडली. त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी ती प्रयोगाने खरी करून दाखवली. पण इलेक्ट्रॉनना नीट शिस्त लावायची तर एरवी द्रवरूप हेलियमची थंडी लागते. हिरा इथेच कामाला येतो, आणि तोही त्याच्यातल्या दोषामुळे.

हिऱ्याच्या जाळीत कधी एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. या पोकळीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनच्या, म्हणजे त्यांना इवलंसं चुंबक बनवणाऱ्या अंगभूत गुणाच्या, तीन अवस्था असतात : शून्य, अधिक एक आणि उणे एक. चिमूटभर भुकटीवर 532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर सोडला की ती लाल उजळते. हिरवा प्रकाश गिळून इलेक्ट्रॉन वर जातात आणि लाल प्रकाश टाकत खाली येतात. अधिक किंवा उणे एकमधले मात्र पुष्कळदा एका अंधाऱ्या आडवाटेने उतरतात, आणि ती वाट बहुतेकदा त्यांना शून्य अवस्थेत आणून सोडते. शून्यातले बहुधा शून्यातच परततात. अशा काही फेऱ्या झाल्या की बहुतेक सगळे शून्यात गोळा होतात. खडा खोलीच्याच तापमानाला असतो, पण त्यातले हे इलेक्ट्रॉन कडाक्याच्या थंडीत असल्यासारखे वागू लागतात! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

आता ही शिस्त कार्बन-13पर्यंत पोचवायची. हिऱ्यातल्या शंभर कार्बन अणूंत असा साधारण एकच असतो, आणि नेहमीच्या कार्बन-12ला स्पिनच नसतो. अखंड स्फटिकात मायक्रोवेव्हची वारंवारता नेमकी जुळवून हे साधतं. भुकटीत प्रत्येक कणाचं तोंड वेगळ्या दिशेला. मोठ्या चुंबकात कणागणिक वारंवारता बदलते आणि तिचा पसारा कित्येक गिगाहर्ट्झचा होतो. एक वारंवारता धरली की मूठभर कण हाती लागतात, बाकीचे कोरडेच.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या अलेक्झांडर पाइन्स यांच्या गटाने 2018 साली यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, तो मला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी चुंबकच कमजोर घेतलं, 1 ते 30 मिलिटेस्लाचं. मग 2.87 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यातून मायक्रोवेव्हची वारंवारता पुन्हा पुन्हा सरकवत नेली. त्या ओघात ज्याच्या त्याच्या वारंवारतेला प्रत्येक कणाची पाळी येते, आणि दर फेरीत थोडी शिस्त जवळच्या कार्बन केंद्रांकडे जाते. वारंवारता चढती नेली तर केंद्रं एका दिशेला झुकतात, उतरती नेली तर विरुद्ध दिशेला. मग नमुना सेकंदाच्या आत 7 टेस्लाच्या चुंबकात सरकवून मोजायचा. संदेश शेकडो पटींनी वाढलेला मिळतो.

खरी ओढ आहे ती ही शिस्त हिऱ्याबाहेर, कणाला टेकलेल्या द्रवाच्या केंद्रांना देण्याची. त्यासाठी कण जितके बारीक तितकी द्रवाला भिडणारी जागा जास्त. पण कण बारीक केले की पृष्ठभागावरच्या मोकाट इलेक्ट्रॉनांचं प्रमाणही वाढतं, आणि कमावलेली शिस्त बाहेर पोचण्याआधीच ते ती विस्कटून टाकतात.