तापमापकावरील आकडा समजून घेताना

आमच्याकडून तापमापक नेलेले काही ग्राहक, उकळत्या पाण्यातही आकडा 98 च्या पुढे जात नाही, अशी तक्रार घेऊन येतात. बहुतेक वेळा उपकरणात दोष नसतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. 100 हा आकडा समुद्रसपाटीवरील दाबाचा आहे.

म्हणून पडताळणी बर्फाने करावी, कारण बर्फ वितळण्याच्या तापमानावर उंचीचा जाणवण्याइतका परिणाम होत नाही. स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा चुरा पेल्यात गच्च भरावा, फटी भरतील एवढेच गार पाणी घालावे, ढवळावे आणि प्रोबचे, म्हणजे तापमापकाच्या तापमान टिपणाऱ्या दांडीचे, टोक तळाला न टेकवता मधोमध दोन-तीन मिनिटे धरावे. आकडा 0 च्या जवळ स्थिरावला पाहिजे. त्यात मीठ मुळीच पडू देऊ नये. मिठामुळे मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते.

काही शीतयंत्रांवर फॅरनहाइट श्रेणी असते, जिच्यात पाणी 32 अंशांवर गोठते आणि समुद्रसपाटीवर 212 अंशांवर उकळते. घरात आपण अंगातला ताप याच श्रेणीत मोजतो, तेथील 98.6 म्हणजे 37 अंश सेल्सिअस. सेल्सिअसच्या आकड्याला 1.8 ने गुणून 32 मिळवले की फॅरनहाइटचा आकडा मिळतो. मात्र हे 32 फक्त तापमानासाठी मिळवायचे असतात, तापमानातील फरकासाठी नव्हे. शीतगृह 5 अंश सेल्सिअसने थंड करायचे असेल, तर फॅरनहाइटमध्ये ते 9 अंशांनी उतरवावे लागते, 41 अंशांनी नव्हे. ही चूक आम्ही वारंवार पाहतो आणि द्राक्षांच्या हंगामात ती फार महाग पडते.

शास्त्रीय कामातील केल्विन श्रेणी उणे 273.15 अंश सेल्सिअसपासून, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून, सुरू होते. शीतगृहात तिची गरज पडत नाही.

तेथे अधिक महत्त्वाचे हे, की भिंतीवरचा तापमापक हवेचे तापमान सांगतो, मालाचे नव्हे. दुपारी तोडलेल्या द्राक्षांच्या मण्यांत उष्णता साठलेली असते आणि पेट्या रचल्यावर ती सावकाश बाहेर पडते, त्यामुळे हवा 0 अंशांवर आली तरी मधल्या पेटीतील मणी बराच वेळ कोमट राहू शकतो. प्री-कूलिंग, म्हणजे साठवणीआधी माल थंड करणे, पूर्ण झाले का, हे ठरवताना टोकदार प्रोब मधल्या पेटीतील मण्याच्या गरात खुपसूनच आकडा वाचावा.