एक्झॉर्सिझम: पडद्यावरचा आणि चर्चमधला

सैतान घालवण्याचा, म्हणजे एक्झॉर्सिझमचा, एखादा इंग्रजी सिनेमा ओटीटीवर आला की ऑफिसात मला हमखास विचारलं जातं, "काय रे, तुमच्यात फादर खरंच असं करतात?" मी वसईचा कॅथलिक. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असतं ते मला माहीत आहे: पलंगाला बांधलेली मुलगी, घोगरा आवाज, घामाघूम फादर, त्याच्या हातात क्रूस. हे चित्र सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. मान गरगरा फिरते का, लॅटिनच लागते का, हे प्रश्नही बाजूला ठेवू. (लॅटिनच लागते असं नाही.)

घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी: फादर बोलतो कोणाशी?

पडद्यावर तो सैतानाशी बोलतो. दरडावतो, पाणी शिंपडतो, पुन्हा दरडावतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला देवऋषी ठाऊक असतो, म्हणून त्याला हे लगेच पटतं. याचा मंत्र जबर की त्याचं भूत जबर, एवढाच हिशोब. चर्चच्या विधीत मात्र बहुतेक सगळं बोलणं देवाशी असतं. संतांची लितानी (एकेका संताचं नाव घेऊन केलेली विनवणी), स्तोत्र, शुभवर्तमानाचं म्हणजे येशूच्या चरित्राचं वाचन, बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी किंवा श्रद्धेची कबुली, 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना. मुख्य प्रार्थना त्यानंतर येते, आणि तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात देवाला विनवलं जातं, 'या तुझ्या लेकराला सोडव' अशा अर्थाने. दुसऱ्यात ख्रिस्ताच्या नावाने सैतानाला निघून जाण्याची आज्ञा असते. व्हॅटिकनने १९९९ साली विधीचं सुधारित पुस्तक काढलं. त्यातला नियम असा: विनवणी एकटी चालते, आज्ञा एकटी चालत नाही. आधी विनवणी झाल्याशिवाय आज्ञा उच्चारायचीच नाही. सिनेमावाल्यांनी नेमकी विनवणी गाळली आणि आज्ञा तेवढी ठेवली.

हा बारकावा वाटेल, पण सगळा अर्थ इथेच बदलतो. बायबलमध्ये यहूदाच्या छोट्याशा पत्रात खुद्द मिखाएल देवदूत सैतानाशी वाद घालताना स्वतःच्या तोंडाने त्याला दोष देत नाही, 'प्रभू तुला धमकावो' एवढंच म्हणतो. बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात स्किवा नावाच्या माणसाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला जातात. दुष्टात्मा विचारतो, येशूला मी ओळखतो, पौलही (येशूचा प्रेषित) मला ठाऊक आहे, तुम्ही कोण? आणि ते सातही जण उघडेनागडे, जखमी होऊन पळतात. म्हणून 'फादरचा विश्वास डळमळला की सैतान जिंकला' हे सिनेमातलं गणित मला मुळातच मान्य नाही. ताकद फादरची नसतेच. हा विधी चर्चच्या सात संस्कारांतही मोडत नाही. ती चर्चची प्रार्थना आहे. ती महिनोन् महिने पुन्हा पुन्हा करावी लागू शकते.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) या सिनेमाचा शेवट मला याचसाठी खुपतो. तरुण फादर मुलीला ठोसे मारतो, सैतानाला स्वतःच्या अंगात बोलावतो आणि खिडकीतून उडी घेतो. प्रेक्षक हळहळतो, पण प्रार्थना तिथे संपलेली असते, उरते ती कुस्ती. त्याच सिनेमातला एक प्रसंग मात्र मला फार आवडतो. हाच फादर साधं नळाचं पाणी 'पवित्र पाणी' म्हणून शिंपडतो, मुलगी तडफडते, आणि त्याचा संशय वाढतो. हे अगदी विधीला धरून आहे. विधीच्या १६१४ च्या जुन्या पुस्तकात सुरुवातीच्या सूचनांतच म्हटलंय: कोणाला झपाटलंय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका. औषधपाणीही फादरने सांगायचं नाही, ते वैद्याचं काम, असंही त्यात बजावलंय.

बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा विधी कोणत्याही फादरला करता येत नाही. सामान्य माणसाचा तर प्रश्नच नाही. 'द कॉन्ज्युरिंग'मध्ये परवानगीला वेळ लागतो म्हणून संसारी माणूसच विधी उरकतो, तो कॅथलिक नियमात बसत नाही. पेंटेकोस्टल या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत कोणीही विश्वासी 'निघून जा' म्हणू शकतो. ती परंपरा वेगळी, तिचा दाखला कॅथलिक फादरला लावू नये.

पण परवानगी मिळाली म्हणजे सगळं भागलं, असंही नाही. जर्मनीतल्या क्लिंगेनबर्गला आनेलीजे मिशेल या मुलीवर बिशपच्या परवानगीने ६७ वेळा विधी झाला. डॉक्टर मागे पडले. १ जुलै १९७६ ला, तेविसाव्या वर्षी, ती उपासमारीने गेली. १९७८ मध्ये कोर्टाने आईवडील आणि दोन फादर यांना दोषी ठरवलं. तिच्यावरून सिनेमा निघाला. तो पाहून आलेले लोक मला तिच्या आवाजाबद्दल विचारतात, तिच्या वजनाबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही.

आणि एक्झॉर्सिझम बघायचाच असेल तर एखाद्या बाप्तिस्म्याला या. गेल्या डिसेंबरात भाचीचा झाला. पाणी ओतण्याआधी फादरांनी वाइटापासून सुटकेची छोटी प्रार्थना म्हटली, झबल्याची नाडी सैल करून तिच्या छातीला तेल लावलं. तो एक्झॉर्सिझमच, लहान स्वरूपातला. अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि भाची आईच्या कडेवर अंगठा चोखत झोपलेली होती.